कलावती डायरेक्टर आणि एकशे त्रेचाळीस वेळा गेलेली लाईट

कलावती रोकडे डायरेक्टर झाली तो मंगळवार होता. त्या दिवशी तिच्या हातून दोनदा चहा उतू गेला. संध्याकाळी घरी निघाली ती कशेळीच्या नाक्यावर उलट्या दिशेच्या रिक्षात बसली, आणि खाडीपूल ओलांडून बाळकुम आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपलं घर मागे भिवंडीत राहिलं. रिक्षावाला म्हणाला, "मौसी, किधर जाना है?" कलावती म्हणाली, "पता नहीं रे, आज मैं डायरेक्टर हो गयी." त्याने वळून तिला नीट पाहिलं आणि परतीच्या भाड्यात पाच रुपये सोडले.

आता ही कलावती कोण, तर एकोणपन्नास वर्षांची, नववी पास, कामतघरच्या चाळीत राहणारी बाई. माहेर गणेशपुरीच्या अलीकडचं. नवरा वाल्मीक एसटीत कंडक्टर, मुलगी धम्मदिना बी.कॉम. होऊन क्लासमध्ये शिकवणारी. कलावतीने आयुष्याची वीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात धाग्याच्या कांड्या भरण्यात घालवली होती. तिथल्या खडखडाटात कुठल्या लूमचा धागा तुटला हे तिला मान वर न करता कळायचं. कारखाना बंद पडला तेव्हा ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की कशेळीच्या गोडाऊनमध्ये एक साहेब कामाला बाई शोधतोय. काम एकच, मीटरकडे बघत बसायचं आणि आकडा लिहायचा. त्याने तीन पदवीधर ठेवून पाहिले होते. तिघेही मोबाईल बघत बसायचे.

साहेबाचं नाव सुधीर लेले. त्यांनी मुलाखतीत कलावतीला एवढंच विचारलं, "तुम्हाला कंटाळा येतो का?"

"वीस वरसं कांड्या भरल्या साहेब," कलावती म्हणाली, "आता कुठला यायचा?"

कंपनीचं नाव कामवारी सेल्स प्रायव्हेट लिमिटेड. माणसं अकरा. एका बाजूच्या गाळ्यात कुरिअरची खोकी, दुसऱ्या बाजूला लहान मुलांच्या डायपरचा साठा, आणि मधल्या गाळ्यात ही मंडळी फ्युएल सेल बनवत होती. लोखंडी कपाटाएवढं यंत्र. एका बाजूने हायड्रोजन द्यायचा, दुसऱ्या बाजूने हवा, आणि तारेतून वीज घ्यायची. धूर नाही, आवाज नाही, खाली नळीतून पाण्याचे थेंब तेवढे पडतात. मोबाईलच्या टॉवरखाली लाईट गेल्यावर डिझेलचा जनरेटर धडधडतो, त्याच्या जागी हे यंत्र बसवायचं असं सुधीररावांचं स्वप्न होतं. कलावतीने पहिल्या दिवशी नळीखाली हात धरला, हातावर कोमट थेंब पडला आणि ती खुदकन हसली. आग न पेटवता वीज आणि वर पाणीही! तिने हे वाल्मीकला सांगितलं तर त्याने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तर अशा कंपनीत ती चार वर्षं आकडे लिहीत होती. सुधीररावांची बायको शुभदा कंपनीची दुसरी डायरेक्टर होती, कारण प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन डायरेक्टर लागतात. शुभदाताईंना सरकारी कॉलेजात प्राध्यापिकेची नोकरी लागली आणि सरकारी माणसाला असं पद ठेवता येत नाही म्हणून त्यांनी राजीनामा दिला. कंपनीचे सीए केसरीनाथ पाटील घाम पुसत गोडाऊनमध्ये आले आणि म्हणाले, "साहेब, पंधरा दिवसांत दुसरं नाव पाहिजे. कोणीही चालेल. पॅन कार्ड आणि आधार असला की झालं."

सुधीररावांनी काचेतून बाहेर पाहिलं. त्यांचा मॅनेजर दीपेश ट्रकवाल्याशी भांडत होता. इलेक्ट्रोड बनवणारी इंजिनिअर अदिती काळ्या भुकटीने माखलेले हात घेऊन बेसिनकडे चालली होती. आणि कलावती दोन नंबरच्या बेंचसमोर, म्हणजे चाचणीला लावलेल्या यंत्रासमोर, स्टुलावर बसून पेन्सिलीने लिहीत होती. गेल्या चार वर्षांत तिने एकदाही पगाराशिवाय काही मागितलं नव्हतं.

"कलावतीबाई," सुधीरराव म्हणाले, "डायरेक्टर होता का?"

"काय करायला लागतं?"

"काही नाही," केसरीनाथ घाईने म्हणाले. "सही."

डिजिटल सहीसाठी कॅमेऱ्यासमोर आपलं नाव बोलून व्हिडिओ करावा लागतो. कलावतीचा व्हिडिओ नऊ वेळा फसला, कारण "मी कलावती वाल्मीक रोकडे" एवढं म्हणून झालं की ती हसायला लागे, तिचं हसू बघून कॅमेरा धरलेली अदिती हसायची आणि सगळं चित्र हलायचं. दहाव्या वेळी केसरीनाथांनी दोघींना दम दिला. त्यावर कलावती गंभीर झाली, आणि इतकी की सरकारी संगणकाने तो व्हिडिओ लगेच मान्य केला.

घरी बातमी फुटली आणि चाळ वेडी झाली. वाल्मीकने दुसऱ्या दिवशी वज्रेश्वरीच्या गाडीत तिकीट फाडता फाडता निम्म्या प्रवाशांना सांगितलं. शेजारच्या आक्का, ज्या गेली सहा वर्षं बोलत नव्हत्या, त्या वाटीभर साखर घेऊन आल्या. विहारातल्या महिला मंडळाने फळ्यावर खडूने अभिनंदन लिहिलं. आणि धम्मदिनाने रात्रीचं जेवण होऊ दिलं नाही, आधी मोबाईलवर कंपनी कायदा उघडला.

"आई, ऐक. डायरेक्टरने कंपनीच्या, कामगारांच्या आणि समाजाच्या हिताचं वागायचं. योग्य ती काळजी घ्यायची. आणि स्वतःची स्वतंत्र बुद्धी वापरायची."

"असं लिवलंय?"

"कायद्यात लिहिलंय."

कलावतीने ते वाक्य तीनदा वाचून घेतलं. स्वतंत्र बुद्धी! वीस वर्षांत मुकादमाने तिला कधी बुद्धी आहे का असंही विचारलं नव्हतं, आणि इथे ती वापरली नाही तर गुन्हा होता. तिला इतका आनंद झाला की ती भाकरी थापताना मोठ्याने म्हणू लागली, "स्वतंत्र बुद्धी, स्वतंत्र बुद्धी," आणि भाकरी परातीएवढी झाली.

दुसरी गोष्ट तिला आधीपासून येत होती. ती महिला मंडळाची चिटणीस होती. विहारात साधी सहल काढायची तरी आठ दिवस आधी नोटीस लागते, विषय लिहून द्यावे लागतात, ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो, आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय चहासुद्धा येत नाही. एकदा पिवळ्या रंगाच्या साड्यांवरून अडीच तास चर्चा झाली होती आणि कलावतीने तेरा पानी इतिवृत्त लिहिलं होतं. सभा कशी घ्यायची हे तिला कुठल्या सीएने शिकवायची गरज नव्हती.

म्हणून तिने पुढच्या आठवड्यात केसरीनाथांना फोन केला. "साहेब, माझी डिजिटल सही कुठंय?"

"माझ्याकडे आहे. ड्रॉवरमध्ये. सगळ्यांच्याच असतात."

"माझी सही तुमच्या ड्रॉवरात काय करते?"

केसरीनाथांना तीस वर्षांच्या व्यवसायात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कलावती स्वतः त्यांच्या ऑफिसात जाऊन ती सही असलेला पेनड्राइव्ह घेऊन आली. तिने त्याला लाल दोरा बांधला आणि गळ्यात घातला. अंघोळीला जाताना मात्र काढून धम्मदिनाकडे पोचपावती घेऊन द्यायची.

तीन महिने छान गेले. मग एप्रिलात केसरीनाथ एक फाईल घेऊन गोडाऊनमध्ये आले. टॉवरच्या एका मोठ्या कंपनीला कामवारीची यंत्रं घ्यायची होती, पण त्यांना दोन्ही डायरेक्टरांच्या सहीचा दाखला हवा होता की यातले इलेक्ट्रोड पाच हजार तास टिकतील. सुधीररावांनी सही केली होती. खाली कलावतीची जागा रिकामी होती. दाखल्याबरोबर संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त होतं, छान टाईप केलेलं.

कलावतीने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. "दिनांक बारा एप्रिल रोजी सकाळी अकरा वाजता... उपस्थित, श्री. सुधीर लेले, श्रीमती कलावती रोकडे..." ती थांबली. तिने बोटांवर दिवस मोजले. मग ती स्टुलावरून उठली.

"बारा तारखेला मी सुट्टीवर होते. गणेशपुरीला, भाचीच्या हळदीला. माझा फोटो हाय, तोंडाला हळद फासलेली. आन इथं म्हणता मी सभेला हजर?"

"ते तसंच लिहायचं असतं मॅडम," दीपेश म्हणाला. दीपेश तिला मॅडम म्हणायचा तेव्हा त्यातला ड अंमळ लांबायचा.

"मी हजर, पण मला ठावं न्हाय. मी काय बोलले ते तरी सांगा."

"तुम्ही ठरावाला अनुमोदन दिलं," केसरीनाथ हळूच म्हणाले.

यावर अदिती हातातल्या बाटलीसकट भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कारण तिला हसू आवरत नव्हतं. पण कलावती हसत नव्हती. माहेरची बोली तिच्या तोंडात येई ती फार आनंदात किंवा फार रागात, आणि आत्ता कुठलं ते तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं.

सुधीरराव केबिनमधून बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. पण कंपनी सगळी त्यांच्या डोक्यात, आणि डोकं सतत फोनवर. कुणी काही सांगायला गेलं की ते एक बोट वर करत, म्हणजे थांब, आणि ते बोट खाली येईपर्यंत सांगणारा निघून गेलेला असे. म्हणून माणसं त्यांना फक्त चांगल्या बातम्या सांगत, कारण त्या एका बोटाच्या आत सांगून होतात.

"कलावतीबाई, कंपनी माझी आहे. सही करा. ऑर्डर जाईल."

"कंपनी तुमचीच हाय साहेब," ती म्हणाली. "सही माझी हाय."

कलावतीला वाटलं आपण आता एक तर रडू, नाहीतर नाचू. तिने गळ्यातला लाल दोरा घट्ट धरला आणि म्हणाली, "सभा घ्या. खरीखुरी. सात दिवस आधी नोटीस द्या. मग बघू."

सुधीररावांनी केसरीनाथांकडे पाहिलं. केसरीनाथांनी मान हलवली. कायद्यात तसंच होतं.

सभा झाली ती दोन बेंचच्या मधोमध, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. अध्यक्ष सुधीरराव. दीपेश आणि अदिती निमंत्रित. केसरीनाथ टिपण घ्यायला. कलावती ठेवणीतली साडी नेसून आली होती आणि तिच्या मांडीवर तिची रजिस्टरं होती, पाच, खाकी पुठ्ठ्याची. सुधीररावांचा फोन वाजला तेव्हा तिने म्हटलं, "अध्यक्ष महाराज, सभेत फोन बंद असतो." अध्यक्ष महाराज हा शब्द सुधीररावांना आयुष्यात पहिल्यांदा लागला होता. त्यांनी गोंधळून फोन बंदच करून टाकला.

दीपेशने पडद्यावर एक रेघ दाखवली. सेलचा व्होल्टेज तासागणिक किती उतरतो त्याची ती रेघ होती. तेराशे तासांत पॉइंट अडुसष्टवरून पॉइंट सहासष्ट. तीच रेघ पट्टी लावून पुढे नेली तर पाच हजार तासांनाही यंत्र ठणठणीत.

"हा कुठला बेंच?" कलावतीने विचारलं.

"दोन नंबरचा."

"आन एक नंबरचा?"

"तो खराब आहे मॅडम. त्याचे आकडे धरले नाहीत."

"खराब कसा? पंखा तोच, मीटर तोच, एकावर एक रचलेला स्टॅक दोन्हीत वीस सेलचा. एकाच दिवशी चालू केलेत."

तिने रजिस्टर उघडलं. एक नंबरचा बेंच बाराशे चाळीस तासांत पॉइंट अडुसष्टवरून पॉइंट अठ्ठावन्नवर घसरला होता. आणि प्रत्येक पानाच्या समासात तिने स्वतःच्या हौसेने आणखी एक गोष्ट लिहिली होती, जी तिला कुणी सांगितली नव्हती. लाईट कधी गेली आणि कधी आली. लूमवर ही सवय लागलेली, कारण लाईट गेली की कापड कमी निघे आणि मुकादमाची बोलणी बाईला बसत. रात्रीच्या वेळा ती सकाळी वॉचमनकडून लिहून घ्यायची. संगणक हे लिहीत नव्हता, कारण लाईट गेली की संगणकही झोपायचा आणि उठल्यावर गेला वेळ धरतच नसे.

"एक नंबरचा पंखा गोडाऊनच्या लाईनवर हाय, लाईट गेली की पंखा बंद आन सेल बंद," ती म्हणाली. "दोन नंबर ऑफिसच्या लाईनवर, तिथं इन्व्हर्टर हाय, साहेबांच्या एसीसाठी. मी काल बसून मोजलं. दोन नंबर सहा वेळा बंद पडला. एक नंबर एकशे त्रेचाळीस वेळा."

अदिती खुर्चीतून उठली. ती सत्तावीस वर्षांची, अबोल मुलगी होती आणि सभेत तिने तोवर तोंड उघडलं नव्हतं.

"तेच आहे," ती म्हणाली. "सर, तेच आहे! चालण्याने नाही मरत इलेक्ट्रोड. बंद-चालू होण्याने मरतो."

मग तिने समजावून सांगितलं, आणि तिने इतकं सोपं सांगितलं की वॉचमनही दारात येऊन ऐकू लागला. सेलच्या मधे एक पातळ पडदा असतो आणि पडद्याच्या दोन्ही अंगांना काळा लेप. तो लेप म्हणजे इलेक्ट्रोड. काजळीसारखी कार्बनची भुकटी, आणि तिच्यावर बसलेले प्लॅटिनमचे कण, डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढे बारीक. सगळं काम ते कण करतात. सेल बंद पडला की हायड्रोजनच्या बाजूला हवा शिरते. पुन्हा चालू करताना हायड्रोजन त्या हवेला ढकलत आत येतो, आणि त्या काही क्षणांत पलीकडच्या लेपावर इतका ताण येतो की कार्बनच झिजून उडून जातो. खालचा कार्बन गेला की कण निसटतात, एकमेकांना चिकटून गोळा होतात, आणि काम करायला जागा उरत नाही.

"प्रत्येक वेळी थोडंसं," अदिती म्हणाली. "एकशे त्रेचाळीस वेळा थोडंसं. मला संशय होता. मी दोनदा मेल केला होता सर. बंद-चालू मोजू या म्हणून."

"मला?" सुधीरराव म्हणाले.

"तुम्हाला आणि दीपेशला."

दीपेश पडद्यावरच्या रेघेकडे बघत राहिला. तो म्हणाला, "मला वाटलं, ऑर्डर आल्यावर बघू." मग हळूच, ड न लांबवता, "मॅडम, चुकलंच."

सुधीररावांचा चेहरा उतरला होता. "पण हे मला तोंडी का नाही कोणी सांगितलं?"

"कदी सांगायचं साहेब?" कलावती म्हणाली. "तुमी बसता कुठं? आज पयल्यांदा बसलात."

आणि सुधीरराव लेले, ज्यांना गेल्या चार वर्षांत कुणी हसताना पाहिलं नव्हतं, हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांच्या पाठोपाठ अदिती, तिच्या पाठोपाठ केसरीनाथ. कलावतीने मात्र विचारलं, "दाखल्याचा ठराव नामंजूर म्हणून लिहू ना?" ठराव नामंजूर झाला. सूचक कलावती रोकडे, अनुमोदक, थोडं थांबून, सुधीर लेले. मग चहा आला.

पुढची अडचण अशी की टॉवरवाल्या कंपनीच्या बाई गुरुवारी यायच्या होत्या. सुधीररावांनी भेट पुढे ढकलावी असं म्हटलं. कलावती म्हणाली की दुसरी सभा घ्या आणि ठरवा. त्यांनी हात जोडले आणि भेट ठेवली.

बाई आल्या त्या उन्हातून, घाम पुसत, बरोबर दोन इंजिनिअर. सुधीररावांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगून टाकलं की पाच हजार तासांचा दाखला आम्ही देऊ शकत नाही. दोन्ही बेंच दाखवले. रजिस्टरं दाखवली. बाईंनी समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी वाचल्या, "गेली ९.१०, आली १०.२५. गेली २.४०, लगेच आली, परत गेली." त्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," कलावती म्हणाली. "मी डायरेक्टर हाय." मग तिला वाटलं हे जरा जास्त झालं, म्हणून ती पुढे म्हणाली, "आन मीटर पण मीच बघते."

बाईंनी रजिस्टर मिटलं. "आमच्या टॉवरवर हे यंत्र लाईट गेल्यावरच चालू होणार आणि लाईट आली की बंद," त्या म्हणाल्या. "तास आम्हाला कशाला हवेत? आमचं सगळं बंद-चालूच. तुम्ही तो दाखला दिला असता आणि आम्ही त्यावर विसंबलो असतो, तर ही यंत्रं आमच्याकडे वर्षभरसुद्धा टिकली नसती." त्यांनी सुधीररावांकडे पाहिलं. "दोन महिने देते. मला पाचशे वेळा बंद-चालू करून दाखवा."

त्या गेल्यावर अदितीने कागदावर एक चित्र काढलं. बंद करताना हवा आधी तोडायची, हायड्रोजन थोडा वेळ राहू द्यायचा, आणि आत उरलेला प्राणवायू संपवण्यासाठी सेललाच काहीतरी काम द्यायचं. एखादा दिवा. बारा व्होल्टचा.

"रिक्षाच्या हेडलाईटचा बल्ब बारा व्होल्टचाच असतो," दीपेश म्हणाला, आणि तो स्वतः नाक्यावर जाऊन सहा बल्ब घेऊन आला. अदितीने इलेक्ट्रोडसाठी कार्बनही बदलला. फार मोठ्या तापमानाला भाजलेला, जास्त कणखर कार्बन. नवा स्टॅक एक नंबरच्या बेंचवर चढला, आणि या वेळी तो बेंचही इन्व्हर्टरला जोडला.

आणि मग कलावतीच्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दोन महिने सुरू झाले. तिचं काम असं की यंत्र चालू करायचं, ते तापलं की बंद करायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा चालू करायचं. दिवसाला दहा वेळा. बंद केलं की रिक्षाचा बल्ब भपकन पेटे, पिवळा, मग हळूहळू तांबूस होत विझे, आणि तो पुरता विझला की कलावती रजिस्टरात रेघ मारी. आयुष्यभर तिने चालू मशीन बंद पडू नये म्हणून जीव टाकला होता. आता तिला पगार मिळत होता तो मुद्दाम बंद पाडायचा! ती बटण दाबताना "चल, झोप," म्हणायची आणि चालू करताना "ऊठ रे बाबा." शंभराव्या वेळी सगळ्यांना वडापाव झाले. दोनशेच्या आसपास डायपरच्या गाळ्यातले हमाल जेवणाच्या सुट्टीत बल्ब बघायला येऊ लागले आणि विचारू लागले, "कितना हुआ मौसी?" तीनशे बाराला इन्व्हर्टरही बसला आणि खरीच लाईट गेली, तेव्हा बल्ब आपला आपण पेटला आणि अख्खं गोडाऊन ओरडलं. कलावतीने ती नोंद वेगळ्या रंगाने केली, कारण तो बंद तिचा नव्हता.

दर सोमवारी साडेदहाला सुधीरराव फोन बंद करून अर्धा तास बेंचजवळ बसत. पहिल्या सोमवारी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या सोमवारी फिटर म्हणाला की एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळतो. तिसऱ्या सोमवारी सगळे एकदम बोलायला लागले आणि कलावतीला हात वर करून क्रम लावून द्यावा लागला. सुधीररावांना कळलं की आपल्या कंपनीत सतरा गोष्टी बिघडलेल्या आहेत. ते शुभदाताईंना म्हणाले म्हणे की मला गेल्या कित्येक वर्षांत एवढी शांत झोप लागली नव्हती.

पाचशेवी वेळ शुक्रवारी दुपारी आली. टॉवरवाल्या बाई स्वतः हजर होत्या. बल्ब पेटला, तांबूस झाला, विझला. कलावतीने यंत्र पुन्हा चालू केलं आणि सगळे मीटरकडे बघू लागले. आकडा चढत गेला, पॉइंट साठ, पॉइंट चौसष्ट, सहासष्ट, आणि पॉइंट सदुसष्टवर येऊन थांबला. अदितीने कलावतीला उचललं. म्हणजे प्रयत्न केला, मग दोघी स्टुलावर आदळल्या. बाईंनी चाळीस यंत्रांची मागणी दिली, आणि सोबत अट घातली की दर तिमाहीला या रजिस्टराची नक्कल पाहिजे, समासासकट.

पुढच्या सभेत दाखला आला. या वेळी त्यात तासांचा आकडा नव्हता. पाचशे वेळा बंद-चालू, आणि ते कसं मोजलं, एवढंच होतं. कलावतीने तो दोनदा वाचला आणि गळ्यातला पेनड्राइव्ह केसरीनाथांच्या हातात न देता स्वतः संगणकाला लावला.

मग तिने आणखी एक विषय मांडला. दोनच डायरेक्टर असले आणि एकाचं हो, दुसऱ्याचं नाही झालं, तर काय करायचं? विहारात समिती नेहमी विषम आकड्याची असते. सुधीररावांनी विचारलं की तिसरं नाव कुणाचं, तर तिने मागे बसलेल्या अदितीकडे बोट केलं. सुधीरराव म्हणाले, "पण मग तुम्ही दोघी मिळून मला हरवाल."

"बरोबर बोललो तर हरवू," कलावती म्हणाली. "चूक बोललो तर तुमी आमाला समजवा. त्याच्यासाठी तर बसायचं."

सुधीररावांनी जरा विचार केला आणि हात वर केला. अदितीची कागदपत्रं त्याच आठवड्यात गेली. तिचा व्हिडिओ कलावतीने घेतला. पहिल्याच वेळी नीट आला, त्यामुळे कलावतीची थोडी निराशा झाली.

अदितीची पहिली सभा होती तेव्हा ती अर्धा तास आधी येऊन कलावतीच्या स्टुलाशेजारी उभी राहिली. विषयपत्रिकेत दुसरा पंखा घ्यायचा ठराव होता आणि तिला तो पंखा पसंत नव्हता.

"मावशी," ती कानाशी येऊन म्हणाली, "सगळे हो म्हणाले आणि मी एकटी नको म्हणाले, तर चालतं?"

"चालतं की," कलावती म्हणाली. "इतिवृत्तात नाव लागतं. नुसतं का नको ते बोलायचं, म्हणजे मला लिवता येईल." आणि तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.